जेवायला बोलावताना, डबा नेताना: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गल्लीत मराठी, कानडी, उर्दू आणि कोकणी बोलणारी घरं शेजारी शेजारी असल्यामुळे यातले बरेच प्रश्न याच भागाचे आहेत. प्रमाणं घरगुती स्वयंपाकाची आहेत, केटरिंगची नाहीत.

१. जेवायला बोलवायचं तर किती आधी सांगायचं आणि काय सांगायचं?

घरच्या साध्या जेवणाला तीन-चार दिवस पुरतात. वार, वेळ आणि कोणाकोणाला बोलावलंय, हे तिन्ही स्पष्ट सांगा. "या एकदा जेवायला" हे आमंत्रण होत नाही, त्यावर कोणी येत नाही. "रविवारी दुपारी साडेबाराला, तुम्ही दोघं आणि मुलं, आई असतील तर त्यांनाही आणा" असं म्हटलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं. घरात वडीलधारी माणसं असतील तर निरोप मुलांकडे न देता त्यांनाच फोन करा. आदल्या संध्याकाळी आठवणीचा एक फोन पुरे.

२. बोलावताना जेवणाबद्दल काय विचारावं? विचारलं तर वाईट दिसेल का?

न विचारता ताटात चालत नसलेली वस्तू वाढणं जास्त वाईट दिसतं. प्रश्न असा ठेवा: "तुमच्यात काय चालत नाही? तिखट किती? कोणाला पथ्य?" एवढ्यात मांसाहार, कांदा-लसूण, उपवासाचा वार, साखर-मीठ आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असं सगळं निघतं. शेंगदाण्याचं मुद्दाम विचारा, कारण आपल्याकडे शेंगदाण्याचं कूट चटणीत, भरल्या वांग्यात आणि कोशिंबिरीतही असतं. आडनावावरून किंवा जातीवरून अंदाज बांधू नका. एकाच घरात सासरे माळकरी आणि मुलगा मटण खाणारा, हे इथे नेहमीचं आहे.

३. बारा माणसांना किती लागेल? दरवेळी एकतर उरतं नाहीतर कमी पडतं.

भाकरी आणि भात दोन्ही असताना मोठ्या माणसाला दीड ते दोन भाकऱ्या आणि ६० ते ७० ग्रॅम कच्चा तांदूळ धरा. नुसता भात असेल तर १०० ते १२० ग्रॅम. दहा वर्षांखालच्या मुलाला निम्मं.

बारा मोठ्या माणसांचा साधा बेत असा बसतो: ज्वारीचं पीठ २ किलो (किलोला १० ते १२ मध्यम भाकऱ्या), तांदूळ ८०० ग्रॅम, आमटीला तूरडाळ ४०० ग्रॅम, भरल्या वांग्यांना लहान वांगी दीड किलो, कोशिंबिरीला काकडी १ किलो, शेंगदाण्याची चटणी २०० ग्रॅम, ताकाला सव्वा लिटर दही. गोड एकच ठेवा. खीर असेल तर दीड ते दोन लिटर दुधाची.

कमी पडतं ते बहुतेक वेळा भात आणि आमटी. उरतं ते गोड आणि तळण. म्हणून तांदूळ अर्धा किलो जास्त निवडून ठेवा, पण शिजवू नका. माणसं वाढली तर कुकरचा भात वीस-पंचवीस मिनिटांत होतो. बेळगाव बासमती मिळाला तर वरण-भातासाठी तोच घ्या. तो बारीक, वासाचा आणि मऊ असतो, पण नवा असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर गोळा होतो. वाटीला पावणेदोन वाटी पाणी घालून आधी थोडा करून बघा आणि मग ठरवा.

४. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहुणे बोलावतेय. कोणता बेत सुरक्षित?

भाकरी, भरली वांगी, वरण-भात-तूप, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, ताक आणि शेवयांची खीर. यातली चटणी आठवडाभर आधी होते. वांग्याचा मसाला आदल्या रात्री वाटून ठेवता येतो, खीर सकाळी करून ठेवता येते. पाहुणे आल्यावर फक्त भाकरी उरते. भाकरी अजून जमत नसेल तर चपाती करा, त्यात कमीपणा नाही. नवा पदार्थ पाहुण्यांवर पहिल्यांदा करून बघू नका. पाच पदार्थ गरम आणि वेळेवर देता आले तर दहा पदार्थांची गरज लागत नाही. आणि वाढणारी बाई घामाघूम होऊन शेवटी एकटीच जेवत असेल तर तो बेत चुकला असं समजा. नवऱ्याने पाणी, ताटं आणि वाढणं यातलं काय करायचं, हे आदल्या दिवशीच ठरवा.

५. भाकरी थापताना कडा फुटतात, तव्यावर फुगत नाही. काय चुकतं?

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. तो आपण गरम पाण्याने आणतो. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च फुलतो आणि गोळा धरून राहतो. म्हणून पहिलं कारण बहुतेक वेळा पाणी गार असणं हेच निघतं.

दोन वाटी पिठाला साधारण दीड ते पावणेदोन वाटी पाणी लागतं. चिमूटभर मीठ घालून ते खळखळ उकळा, पिठाच्या मध्ये खड्डा करून ओता आणि उलथण्याने कालवून पाच मिनिटं झाका. मग एका भाकरीपुरतं पीठ काठवटीत घेऊन गरज पडेल तसा पाण्याचा हात लावत तळव्याच्या टाचेने तीन-चार मिनिटं रगडा. सगळं पीठ एकदम मळून ठेवू नका. वाळतं आणि मग कडा फुटतात. गोळा दाबला तर कडेला चीर पडू नये, ही खूण.

थापताना खाली पीठ सगळीकडे सारखं पसरलेलं हवं आणि मध्यापेक्षा कडा पातळ. तवा चांगला तापलेला असू दे. पिठाची बाजू वर येईल अशी टाका, लगेच ओल्या हाताने वरून पाणी फिरवा, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. पाणी सुकलं की वरचा पापुद्रा तडकतो, वाफ निसटते आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्या आणि मग पहिली बाजू थेट आचेवर धरा.

हे सगळं करूनही तुटत असेल तर पीठ जुनं आहे. दळल्यावर पंधरा दिवसांच्या पुढे पिठाचा चिकटपणा कमी होतो आणि थोडी कडवट चवही येते. शाळू (रब्बी ज्वारी) घ्या, दोन आठवड्यांपुरताच दळा. शेवटचा उपाय म्हणून वाटीला एक चमचा उडदाचं पीठ घालता येतं, पण पाहुण्यांना शाळूची चव द्यायची असेल तर ते टाळा.

६. भरली वांगी कडू होतात आणि मसाला बाहेर सांडतो.

कडूपणा जून वांग्याचा. बी काळपट-तपकिरी असलेलं वांगं बाजूला काढा. एक किलोला लहान, देठ ताजं हिरवं असलेली २० ते २२ वांगी येतात. देठ ठेवून खालून अधिक चिन्हासारखी चीर द्या, कीड बघा आणि मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा.

एक किलोचा मसाला: भाजलेले शेंगदाणे १५० ग्रॅम, तीळ ४० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, कारळे २ चमचे, भाजलेले दोन कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या, लहान लिंबाएवढी चिंच, तेवढाच गूळ, कांदा-लसूण मसाला दोन मोठे चमचे, मीठ. पाणी कमीत कमी घालून जाडसर वाटा. पातळ मसालाच सांडतो. कारळे जास्त झाले तरी कडवटपणा येतो, त्यामुळे अंदाजाने ओतू नका.

तेल दीड वाटी बघून नव्या मुली घाबरतात. इकडच्या एण्णेगाईत (कानडी पद्धतीच्या भरल्या वांग्यांत) तेल सढळच असतं, कारण वांगं पाण्यात न शिजता तेलात मुरायला हवं. पथ्यासाठी निम्मं तेल चालेल, मात्र आच मंद आणि वर झाकणात पाणी. हलवताना डाव घालू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून झोका द्या. वांगं जैन पाहुण्यांना चालेलच असं नाही (प्रश्न १३ बघा).

७. तिखट-मीठ जास्त झालं आणि पाहुणे दारात आहेत.

बटाटा टाकून मीठ शोषलं जातं ही समजूत फार पक्की आहे, पण बटाटा काढल्यावर आमटी जवळजवळ तेवढीच खारट राहते. पाणी वाढवा आणि वेगळी शिजवलेली बिनमिठाची डाळ घोटून घाला. रस्सा असेल तर भाजलेलं खोबरं-कांदा वाटून घाला. तिखटासाठी दाण्याचं कूट, खोबरं, थोडा गूळ, आणि ताटात दही. लिंबाने तिखट कमी होत नाही.

पुढच्या वेळेसाठी: रंगाला ब्याडगी, झणझणीतपणाला संकेश्वरी. हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या मिरचीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती लाल रंग भरपूर देते आणि तिखट कमी असते. पाहुण्यांसाठी तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी ठेवा, लालभडक रश्श्याला कोणी घाबरणार नाही.

८. पुरणपोळी लाटताना फुटते. आणि कानडी शेजारणीची होळिगी (तिकडची पुरणपोळी) एवढी मऊ कशी?

फुटते कारण कणीक पुरणापेक्षा घट्ट असते. दोन्ही सारख्याच मऊ हव्यात, कणीक किंचित जास्त. एक किलो हरभरा डाळ, ९०० ग्रॅम ते १ किलो गूळ आणि साधारण ६५० ग्रॅम पीठ (निम्मं गव्हाचं, निम्मा मैदा) यात तीसेक पोळ्या होतात. डाळ बोटाने चेपली की मोडावी इतकी शिजवा, पण पीठ होऊ देऊ नका. कट पूर्ण निथळा. दहा मिनिटं चाळणीत ठेवलेली डाळ आणि घाईने ओतलेली डाळ यांत पुरणाचा फरक लगेच कळतो. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं, मग आळतं. त्यात उलथणं उभं राहिलं की गॅस बंद. वाटण गरम असतानाच करा.

कणीक तेल लावून दोन तास झाकून ठेवा. होळिगी बऱ्याच घरांत मैद्याची, भरपूर तेलात मळलेली असते आणि केळीच्या पानावर किंवा कागदावर हाताने थापतात. लाटण्याचा दाब नसल्याने ती मऊ राहते. शेजारीण असेल तर एकदा तिच्या शेजारी बसून बघा, लिहिलेल्या कृतीपेक्षा तिची बोटं जास्त शिकवतात.

निथळलेला कट टाकू नका. त्याची आमटी पोळीबरोबर पाहिजेच, आणि ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

९. ताट किंवा पान वाढायची पद्धत काय?

केळीच्या पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मध्ये मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये भात, त्यावर वरण आणि तूप. डावीकडचे पदार्थ थोडे, उजवीकडचे पोटभर खायचे. पहिलं वाढताना सगळ्यांना थोडं थोडं वाढा. आधी सर्वात मोठ्या माणसाला आणि लहान मुलांना, घरातल्यांना शेवटी. पाण्याचा तांब्या जेवण सुरू होण्याआधी ठेवा. आजी-आजोबांना खाली बसणं जमत नसेल तर सगळ्यांनाच टेबलावर बसवा. त्यांना एकटं खुर्चीवर बसवलं की ती संकोचतात.

१०. आग्रह किती करावा?

दोनदा. पहिल्या "नको"ला आपल्याकडे अर्धं "हो" मानतात, म्हणून दुसऱ्यांदा विचारणं बरोबर आहे. दुसऱ्यांदाही नको म्हणाले की पुरे. हात पानावर आडवा ठेवला असेल तर पहिल्यांदाच थांबा. ताटात न विचारता टाकू नका, विशेषतः गोड. साखरेचा आजार असलेले पुष्कळ लोक चारचौघांत ते सांगत नाहीत आणि भिडेपोटी खातात. "जेवलं नाही वाटतं, आवडलं नाही काय?" हा प्रश्नही टाळा. त्याऐवजी "भात आणू की भाकरी?" असं विचारलं की नको म्हणायचा संकोच उरत नाही. आणि पाहुणा म्हणून तुम्हाला नको असेल तर पदार्थाचं नाव घेऊन सांगा: "आमटी छान झालीय, पण आता पोटात जागा नाही." पानात टाकण्यापेक्षा हे बरं.

११. रात्री आठला अचानक चार माणसं आली. घरात भाजी नाही.

पिठलं. एक वाटी बेसन, तीन वाटी पाणी, दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, चार हिरव्या मिरच्या, दोन मोठे चमचे तेल. पीठ आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग फोडणीत ओता आणि झाकून पाच-सहा मिनिटं वाफ द्या. कच्चं राहिलं की पीठ जिभेला चिकटतं. भाकरी किंवा भात आणि कच्चा कांदा बरोबर द्या. तेवढाही वेळ नसेल तर उप्पीट: एक वाटी भाजलेल्या रव्याला अडीच वाटी उकळतं पाणी, दोघांना पुरतं, म्हणजे चौघांना दुप्पट. "आधी कळवलं असतं तर" हे वाक्य बोलू नका. चार माणसं कुठून तरी दमून आलेली असतात.

१२. कानडी शेजाऱ्यांना जेवायला बोलावलंय. थोडं कानडी बोलावं का? गैरसमज कुठे होतात?

जरूर बोला, मोडकं चालतं. "ऊटक्क बर्री" म्हणजे जेवायला या. "इन्ना स्वल्प नीडली?" म्हणजे अजून थोडं वाढू? "साकु" म्हणजे पुरे. तेही तुमच्याशी मराठीत बोलतील, आणि जेवण अर्धं याच देवाणघेवाणीत जातं.

एक शब्द मात्र नेहमी घोळ घालतो. कानडीत "खारा" म्हणजे तिखट. आपण "खारं" म्हणतो ते खारटाला. शेजारीण "खारा जास्त" म्हणाली आणि तुम्ही मीठ कमी केलं, तर पुढच्या वेळीही तिला तिखटच लागणार. मीठ म्हणजे "उप्पु". "सारु" आपल्या सारासारखंच पातळ असतं, "पल्या" म्हणजे भाजी, "मज्जिगी" म्हणजे ताक.

१३. लिंगायत, जैन, माळकरी, उपवास असलेले पाहुणे एकाच दिवशी येणार आहेत. कसं जमवायचं?

लिंगायत घरांत मांस-अंडं नको, कांदा-लसूण बहुतेकांना चालतो. माळकऱ्यांना बऱ्याचदा कांदा-लसूणही नको असतो. जैन पाहुण्यांचे नियम सर्वांत बारीक असतात: कांदा, लसूण, बटाटा, रताळं, गाजर, मुळा ही कंदमुळं नकोत, पुष्कळ घरांत बहुबीज म्हणून वांगंही नको, मध नको, आणि सूर्यास्तानंतर जेवण नको. चातुर्मासात काहीजण पालेभाजीही सोडतात. ओलं आलं नको असलं तरी सुंठ आणि हळद बहुतेक घरांत चालते. खात्री त्यांच्याकडूनच करा.

म्हणून अशा मिश्र बेताचा पाया जैन पद्धतीचा ठेवा आणि दुपारचं जेवण ठेवा: हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं वरण, दोडक्याची किंवा भेंडीची भाजी, मटकीची उसळ, भाकरी, भात, काकडीची कोशिंबीर, खीर. कांदा-लसणाची एक चटणी वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्याने बाजूला. सगळे एकाच पंक्तीत बसतात आणि कोणाला वेगळं ताट घेऊन अवघडावं लागत नाही.

उपवासाचं वेगळं विचारा. आपल्याकडे साबुदाणा, वरई, रताळं, शेंगदाणे चालतात. काही कानडी घरांत "ओप्पत्तु" म्हणजे एकवेळ जेवणाचा नेम असतो आणि दुसऱ्या वेळी पोहे किंवा उप्पीट चालतं, जे आपल्या उपवासाला मुळीच चालत नाही. दोन्ही बाजूंनी "उपवास" हाच शब्द वापरला जातो, त्यामुळे काय खाणार ते पदार्थाच्या नावानेच विचारून घ्या. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात रताळी भरपूर पिकतात. रताळ्याचा कीस तूप-जिरं-मिरची घालून केला तर उपवास असणारा आणि नसणारा, दोघेही आवडीने खातात.

१४. रमजानमध्ये मुस्लिम मित्राच्या घरच्यांना बोलवायचं असेल तर?

सूर्यास्ताला इफ्तारसाठी बोलवा. त्या दिवशीची नेमकी वेळ त्यांनाच विचारा, ती रोज थोडी बदलते. वेळ होण्याआधी खजूर, पाणी, कापलेली फळं आणि सरबत समोर तयार ठेवा. त्यानंतर नमाजसाठी दहा-पंधरा मिनिटं आणि एक स्वच्छ, शांत कोपरा लागतो. जेवण मग वाढा. मांस हलाल हवं. तशी खात्री नसेल तर पूर्ण शाकाहारी बेत करा आणि तसं आधीच सांगा. दिवसभर रोजा असलेल्या माणसासमोर चहाचा आग्रह नको, पण त्याच्यामुळे तुम्ही उपाशी राहायचीही गरज नाही.

१५. दुसऱ्याकडे जेवायला जाताना काय न्यावं?

टिकणारं आणि त्याच वेळी वाढायलाच हवं असं नसलेलं. बेळगावचा कुंदा किंवा गोकाकचा करदंट दोन्ही चांगले. करदंट डिंक-सुक्यामेव्याचा, आठवडे टिकतो. कुंदा दुधाचा, तो फ्रीजमध्ये ठेवायला आणि लवकर संपवायला सांगा. मांडे न्यायचे तर मोडणार नाहीत अशा कडक डब्यात, आणि परगावच्या माणसाला ते दुधात कुस्करून खायचे हे सांगा. न सांगता शिजवलेली भाजी नेऊ नका, यजमानाचा बेत बिघडतो. साखरेचं पथ्य असलेल्या घरी फळं किंवा शेंगदाण्याची चटणी न्या.

१६. शेजाऱ्यांचा डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही म्हणतात. लगेच काही केलंच पाहिजे का?

नाही. रीत आहे ती रिकामा न देण्याची, तेवढंच महागडं काही देण्याची नाही. चार लिंबं, परसातला कढीपत्ता, मूठभर शेंगा, थोडी साखरही चालते. डबा आठवड्याच्या आत परत करा. महिनाभर पडून राहिलेला डबा समोरचा मागू शकत नाही, आणि पुढच्या वेळी काही पाठवायलाही कचरतो.

१७. गावचं माणूस बेळगावच्या दवाखान्यात दाखल आहे. डबा काय न्यावा?

आधी सोबत बसलेल्या माणसाचा विचार करा. पेशंटला बऱ्याचदा दवाखान्यातून जेवण मिळतं. त्याच्या उशाशी रात्रभर जागणारी बायको किंवा भाऊ वडापाव-चहावर असतो. डबा त्यांच्यासाठी न्या: चपाती किंवा भाकरी, सुकी भाजी, दही-भात, एक केळं, पाण्याची बाटली, चमचा, जुना धुतलेला नॅपकिन. रस्सा कमी, कारण तिथे बसायला टेबल नसतं. डब्यावर नाव लिहा आणि "परत द्यायची घाई नाही" असं सांगा.

पेशंटसाठी काहीही नेण्याआधी नर्सला विचारा. ऑपरेशनच्या आधी किंवा लगेच नंतर घोटभर पेजही धोक्याची ठरू शकते. किडनीच्या पेशंटला शहाळं, केळं आणि टोमॅटोचं सार नेऊ नका, त्यात पोटॅशियम जास्त असतं. परवानगी असेल तर हुलग्याचं माडगं करा: भाजलेल्या हुलग्याचं पीठ तीन मोठे चमचे, गार पाण्यात कालवून चार वाटी उकळत्या पाण्यात घाला, दहा मिनिटं ढवळत शिजवा. गूळ-सुंठ किंवा जिरं-लसूण-मीठ, पथ्याप्रमाणे. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. तिथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका.

१८. मयताच्या घरी जेवण न्यायचं. काय, कधी?

"काही लागलं तर सांगा" म्हणू नका, त्या घरात सांगायची ताकद कोणालाच नसते. ठरवून न्या. माणसं स्मशानातून परतेपर्यंत चहा, दूध, साखर आणि कागदी कप पोचवा. मग पिठलं-भाकरी किंवा आमटी-भात, ज्याला कडू घास म्हणतात. तळण नको, गोड नको. पंधरा-वीस माणसं धरा, ताटं-वाट्या-पातेली स्वतःची न्या आणि घासूनही तुम्हीच परत आणा. वाढा, मुलांना बाजूला नेऊन आधी जेवू घाला. घरच्यांनी दोन घास खाल्ले तरी पुष्कळ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोण, पाचव्या दिवशी कोण, हे गल्लीत वाटून घ्या, कारण पहिल्या दिवशी दहा डबे येतात आणि सहाव्या दिवशी एकही नाही. दुसऱ्या समाजाच्या घरी काय चालतं ते त्यांच्या एखाद्या नातेवाइकाला हळूच विचारा.

१९. बाळंतिणीला काय न्यावं?

अळिवाचे लाडू. पाऊण वाटी अळीव दीड वाटी नारळपाण्यात दोन-तीन तास भिजवा, मग एका मोठ्या नारळाचा चव आणि २०० ग्रॅम गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परता. ओलं खोबरं असल्याने फ्रीजमध्ये आठवडाभरच. कोरडे अळीव खाऊ नयेत, भिजवल्यावर ते खूप फुगतात. गरोदर बाईला मात्र अळीव नेऊ नका. आणि बाळंतिणीच्या सासूला आधी विचारा, प्रत्येक घराचं पथ्य वेगळं असतं.

२०. गावच्या यात्रेला घरी साठ माणसं. मटण किती, शाकाहारी पाहुण्यांचं काय?

भाकरी आणि भात असेल तर माणशी १५० ग्रॅम हाडासकट मटण, म्हणजे साठाला ९ किलो. १० किलो आणा. रस्सा भरपूर ठेवा, तो जास्त जातो. शाकाहारी स्वयंपाक आधी पूर्ण करून वेगळ्या खोलीत झाकून ठेवा. चूल, डाव आणि वाढणारा माणूस वेगळा. शाकाहारी पंगत पहिली बसवा. "रस्सा तेवढा चालेल ना?" हे गमतीतही विचारू नका. सोमवार किंवा एकादशी पडली तर वडीलधाऱ्यांना आधी विचारा.

मोठ्या पातेल्यातला भात तास-दोन तासांत संपवा किंवा परातीत पसरून गार करा. पातेल्यात कोमट राहिलेला भात पोट बिघडवतो, आणि पुन्हा गरम केल्यानेही तो नेहमी सुरक्षित होत नाही.

२१. घरकामाला येणाऱ्या मावशींना पाहुण्यांच्या जेवणातलं द्यायचं. उरल्यावर द्यावं का?

आधी काढून ठेवा. पाहुणे बसण्याआधी त्यांचा डबा भरा, त्यात गोडही. शिळं द्यायचं असेल तर "कालचं आहे, चालेल का?" असं सांगून द्या. त्या तिथेच जेवणार असतील तर घरातल्याच ताटात वाढा आणि जेवून होईपर्यंत दुसरं काम सांगू नका.

२२. शेजारणीने प्रेमाने पाठवलेला पदार्थ आमच्यात चालत नाही. परत करू का?

दारात परत करू नका, विशेषतः तो घेऊन मूल आलं असेल तर. डबा घ्या, मुलाच्या हातावर काहीतरी ठेवा. पदार्थ ज्याला चालतो अशा घरी लगेच द्या, गरम असतानाच. दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्या कोणासमोर नाही, शेजारणीला साधेपणाने सांगा: "अक्का, आमच्यात अंडं चालत नाही, पण तुमची शेंगाची चटणी आमच्या घरी सगळ्यांना आवडते." काय चालतं ते बरोबर सांगितलं की पुढचा डबा नक्की येतो. तुमचा डबा परत करताना काय घालायचं ते प्रश्न १६ मध्ये आहे.